दिवे घाटात कोणती लेन्स न्यावी?

पत्राचा सारांश: पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचे हे पत्र आहे. चार वर्षांपूर्वी वेतनाच्या थकबाकीची रक्कम हाती आली तेव्हा त्यांनी २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेली) मिररलेस बॉडी घेतली आणि छायाचित्रण मंडळातील ज्येष्ठांच्या सल्ल्यावरून २४-७० आणि ७०-२०० या एफ/२.८ च्या दोन झूम लेन्सेस घेतल्या. आता मानेच्या दुखण्यामुळे फिजिओथेरपिस्टने गळ्यात वजन अडकवायला मनाई केली आहे. गेल्या वर्षभरात कॅमेरा कपाटाबाहेर फक्त सात वेळा आला. दोन्ही लेन्सेस विकून तीन लहान प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सेस घ्याव्यात, की सगळेच विकून एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा लहान कॅमेरा घ्यावा, या विचारात त्या आहेत. मंडळातील एक ज्येष्ठ म्हणतात की लहान लेन्स म्हणजे तडजोड. मुलगी म्हणते की फोन पुरे. प्रदर्शनात आजवर त्यांची तीन चित्रे लागली आहेत: मंडईतल्या सकाळचे (३५ मिमी, एफ/८), धुक्यातल्या सिंहगडाचे (२८ मिमी, एफ/११) आणि एका मैफलीत गाणाऱ्या गायिकेचे (२०० मिमी, एफ/२.८, सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता म्हणजे आयएसओ ६४००). येत्या आषाढात पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचे आणि त्यातली निवडक चित्रे २० × ३० इंच आकारात बालगंधर्व कलादालनातील मंडळाच्या प्रदर्शनात मांडायची, असा त्यांचा मानस आहे. ‘लहान लेन्स घेऊन मी चित्राच्या दर्जाशी प्रतारणा तर करणार नाही ना?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ‘प्रतारणा’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. प्रयोगशाळेत दहा मिलिलिटर द्रावण मोजायचे असताना तुम्ही अर्ध्या लिटरचे चंचुपात्र उचलत नाही, आणि लहान मोजपात्र घेतले म्हणून आपल्या हातून काही पाप घडले असेही तुम्हाला वाटत नाही. मग लेन्सच्या बाबतीतच हा अपराधी भाव कुठून आला? मला वाटते, तो मूळचा तुमचा नाही. मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी ज्या गप्पा होतात, त्यांतून तो तुमच्याकडे आला असावा. त्या गप्पांत लेन्सचा आकार आणि चित्राचा दर्जा हे समप्रमाणात असतात असे धरून चालतात. हे गृहीतक अगदीच निराधार असते तर ते इतकी वर्षे टिकले नसते, पण ज्या सरसकटपणे ते सांगितले जाते त्या सरसकटपणे ते खरेही नाही. म्हणून विकण्या-घेण्याच्या प्रश्नाकडे येण्याआधी, आपण जे वजन वाहतो त्याच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, हे पाहू.

एफ-अंक म्हणजे फोकल लेंथला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला) लेन्सच्या प्रवेशछिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हे गणित उलट करून पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. २०० मिमी आणि एफ/२.८ म्हणजे सुमारे ७१ मिमी व्यासाचे छिद्र. समोरची काच त्याहून लहान असूच शकत नाही. कोणत्याही कंपनीचा कितीही हुशार अभियंता यातून पळवाट काढू शकत नाही. विवर्तनाच्या (कडेपाशी प्रकाश वळून पसरण्याच्या) तत्त्वावर चालणारे घटक वापरून लांब फोकल लेंथच्या काही लेन्सेस आखूड आणि हलक्या करता आल्या आहेत, निकॉनची २०१८ सालची ५०० मिमी एफ/५.६ ही १४६० ग्रॅमची लेन्स हे त्याचे चांगले उदाहरण आहे, परंतु समोरच्या काचेचा व्यास त्यांनाही चुकलेला नाही. आता ३५ मिमी आणि एफ/२.८ घ्या: छिद्राचा व्यास साडेबारा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. याचा अर्थ असा की तुमच्या ७०-२०० चे वजन बऱ्याच अंशी प्रकाशाच्या नियमांनी ठरवलेले आहे, तर २४-७० चे वजन त्या नियमांपेक्षा झूमच्या सोयीमुळे आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ ठेवण्याच्या आग्रहामुळे आलेले आहे. तुम्ही पत्रात दोन्ही लेन्सेसना ‘ती दोन धूडे’ असे एकत्र म्हटले आहे. माझ्या मते त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

कडेच्या स्वच्छतेला किती वजन लागते, याचे एक बोलके उदाहरण देतो. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि तिच्यात सहा काचा आहेत. निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.८ एस ४१५ ग्रॅमची आहे आणि तिच्यात बारा काचा आहेत. फोकल लेंथ तीच, एफ-अंक तोच, दोन्ही फुल फ्रेमसाठी. मधला अडीचशे ग्रॅमांचा फरक प्रकाश जास्त यावा म्हणून नाही. आलेला प्रकाश पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही (म्हणजे छिद्र सर्वांत मोठे असतानाही) कोपऱ्यापर्यंत नीट एकवटावा म्हणून आहे, शिवाय त्यात बांधणीची मजबुती आहे. निकॉनचीच ५० मिमी एफ/१.२ घेतली तर वजन १०९० ग्रॅमवर जाते. सव्वा स्टॉपहून थोड्या कमी अशा जादा प्रकाशासाठी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अडीच पटींहून अधिक वजन, हे ऐकायला अन्यायाचे वाटते, पण व्यास दीडपट झाला की घनफळ तीन पटींहून अधिक वाढते हे लक्षात घेता डिझायनरने काटकसरच केलेली दिसते.

मग हे जादा ग्रॅम कधी उपयोगी पडतात? मुख्यतः लेन्स पूर्ण उघडी असताना. लेन्सचे जे दोष असतात, त्यांपैकी गोलीय विपथनामुळे (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळाल्यामुळे) येणारी अस्पष्टता छिद्राच्या व्यासाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एफ/२ वरून एफ/४ वर आलात की व्यास निम्मा होतो आणि ही अस्पष्टता आठव्या हिश्श्यावर येते. सगळेच दोष इतक्या तत्परतेने पळत नाहीत. कोमा (चौकटीच्या कडेच्या बिंदूंना शेपूट फुटण्याचा दोष) व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, आणि कडेला काळ्या फांद्यांभोवती दिसणारी जांभळट-हिरवी किनार, जी दोन रंगांच्या प्रतिमा थोड्या वेगळ्या आकाराच्या पडल्यामुळे येते, ती ॲपर्चर लहान करूनही जात नाही (ती सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी काढता येते). तरीही एफ/५.६ ते एफ/८ या पट्ट्यात साध्या लेन्सची आणि महागड्या लेन्सची चित्रे एकमेकींच्या खूप जवळ येतात, कारण दोष कमी होत असतानाच दुसऱ्या बाजूने विवर्तन वाढत असते आणि ते दोघींना सारखेच लागू होते. एफ/८ ला विवर्तनामुळे एका बिंदूचा सुमारे ११ मायक्रॉनचा ठिपका होतो. तुमच्या सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ६ मायक्रॉन आहे. एफ/११ ला तोच ठिपका १५ मायक्रॉनच्या आसपास जातो, आणि त्यात एक लाखाची लेन्स पंधरा हजारांच्या लेन्सहून फारसे काही करू शकत नाही.

आता प्रदर्शनात लागलेल्या तुमच्याच तीन चित्रांकडे पाहा. मंडईतली सकाळ एफ/८ ला आहे. सिंहगडाचे धुके एफ/११ ला आहे, आणि मुळात धुके हा असा विषय आहे की त्यात लेन्सच्या कोपऱ्यांची परीक्षा कोणीही घेत नाही. ही दोन्ही चित्रे दीडशे-दोनशे ग्रॅमच्या कोणत्याही बऱ्या प्राइम लेन्सने तितकीच चांगली आली असती, असे मी कसलीही भीड न बाळगता सांगतो. गायिकेचे चित्र मात्र वेगळे आहे. तिथे २०० मिमी, एफ/२.८ आणि आयएसओ ६४०० या तिन्ही गोष्टी टोकाला आहेत. एफ/४ ची लेन्स असती तर तुम्हाला आयएसओ १२८०० वर जावे लागले असते, किंवा शटर निम्म्याने मंदावून तिचा हलता हात पुसट झाला असता. त्या एका चित्रात तुम्ही वाहिलेल्या वजनाचे पुरेपूर चीज झाले. आणि गंमत अशी की नेमके त्याच वेळी ते तुम्हाला फार वाहावेही लागले नाही, कारण मैफलीत तुम्ही खुर्चीत बसलेल्या असता आणि बॅग पायाशी असते. म्हणजे जिथे चालावे लागते तिथे तुम्ही एफ/८ वर असता, आणि जिथे एफ/२.८ लागते तिथे तुम्ही बसलेल्या असता. पत्रात तुम्ही हे आकडे सहज देऊन गेलात, पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

तीन चित्रांवरून निष्कर्ष काढणे घाईचे आहे, असा आक्षेप तुम्ही घ्याल, आणि प्रयोगशाळेत वावरणाऱ्या व्यक्तीने तो घ्यायलाच हवा. म्हणून एका संध्याकाळी संगणकावर मागच्या चार वर्षांची चित्रे उघडा, तुम्ही स्वतः चांगली ठरवलेली दोनशे-तीनशे निवडा, आणि छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथ आणि ॲपर्चरनुसार त्यांची वर्गवारी करा. ही माहिती प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेली असते. काढलेली सगळी चित्रे न मोजता आवडलेलीच मोजा, कारण झूम हाताशी असली की आपण ती फिरवतोच. ज्यांना मी हा उद्योग करायला लावला त्यांपैकी अनेकांना आपली निम्म्याहून अधिक आवडती चित्रे एकाच फोकल लेंथच्या आसपास सापडली. तुमची तशी असतील असे मी म्हणत नाही. नसली तर माझा पुढचा सल्ला तेवढ्यापुरता बदलून घ्या.

२० × ३० इंचांच्या छापील चित्राची तुमची धास्तीही मोजून पाहू. तुमच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची आहे, म्हणजे या आकारात इंचाला २०० पिक्सेल पडतात आणि एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.१३ मिमी होते. निरोगी डोळ्याला साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे दिसते. त्या हिशेबाने अर्ध्या मीटरपेक्षा दूर उभ्या असलेल्या माणसाला तुमचे पिक्सेल वेगळे दिसणारच नाहीत, आणि ३० इंचांचे चित्र समग्र पाहायला माणूस मीटरभर तरी मागे उभा राहतो. चित्राला नाक लावून पाहणारे कलादालनात दोनच प्रकारचे लोक असतात: लहान मुले आणि इतर छायाचित्रकार. पहिल्यांना तुमच्या लेन्सशी देणेघेणे नसते आणि दुसऱ्यांचे समाधान कोणत्याच लेन्सने होत नाही.

हा वाद काही आजचा नाही. जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणारे ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नसे. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा खिशात मावेलसा कॅमेरा त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बनवला, आणि १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. लहान निगेटिव्ह काढायचे आणि त्यावरून मोठे चित्र करायचे, ही त्यामागची कल्पना. त्यावर ५० मिमी एफ/३.५ ची चिमुकली लेन्स होती. ज्या ‘फुल फ्रेम’ला आज आपण मोठा सेन्सर म्हणून मान देतो, ते माप म्हणजे दमेकरी माणसाने डोंगरासाठी केलेली ‘तडजोड’च आहे, हे मंडळातल्या ज्येष्ठांना पुढच्या बैठकीत अवश्य सांगा.

लहान लेन्सची बाजू मी इतकी घेतली, तेव्हा तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आताच्या अनेक छोट्या लेन्सेसमध्ये सरळ रेषांचा बाक आणि कोपऱ्यांतला अंधार काचेने दूर न करता कॅमेऱ्यातल्या गणिताने दूर केला जातो. हे काही पाप नव्हे, पण फुकटही नाही: कोपरा दोन स्टॉप काळवंडलेला असेल आणि कॅमेऱ्याने तो उजळला, तर आयएसओ १६०० च्या चित्राचा कोपरा ६४०० चा असल्यासारखा दाणेदार दिसतो. दिवसा हे जाणवत नाही, पहाटेच्या अंधुक प्रकाशात जाणवते. लक्ष्मी रस्त्यावरची दिवाळीची रोषणाई उघड्या ॲपर्चरने टिपली तर कोपऱ्यांतले दिवे कोमामुळे पंख फुटल्यासारखे दिसू शकतात. फोकसची मोटर कधी सावकाश चालते, कधी कुरकुरते. आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वस्त आणि लहान लेन्सेसना धूळ-पाण्यापासून रक्षण करणारी रबरी सीलबंदी बहुधा नसते. पालखीचे दिवस पावसाचे असतात. लेन्स निवडताना कंपन्यांचे तीक्ष्णतेचे आरेख आणि चाचण्या पाहण्याआधी मी हे एक कलम पाहीन. त्या आरेखांविषयी आणखी एक: बहुतेक कंपन्यांचे आरेख प्रत्यक्ष लेन्सवर मोजलेले नसून डिझाइनवरून गणिताने काढलेले असतात, आणि ते सहसा पूर्ण उघड्या ॲपर्चरचे असतात. तुमच्या एफ/८ च्या सकाळीविषयी ते फारसे बोलत नाहीत.

पार्श्वभूमी पुसट करण्याची ताकद जाईल, अशी भीतीही तुम्ही व्यक्त केली आहे. माणसाचा चेहरा चौकटीत त्याच आकाराचा ठेवला, तर खूप दूरच्या पार्श्वभूमीचा पुसटपणा प्रवेशछिद्राच्या व्यासावर अवलंबून असतो. ७० मिमी एफ/२.८ चा व्यास २५ मिमी. ५० मिमी एफ/१.८ चा जवळपास २८ मिमी. म्हणजे या एका बाबतीत वर सांगितलेली १६० ग्रॅमची लेन्स २४-७० झूमच्या लांब टोकापेक्षा अंमळ पुढेच आहे.

तरीही तीन प्राइम लेन्सेस घेण्याच्या तुमच्या बेताला मी चटकन होकार देणार नाही, आणि त्याचे कारण दर्जा हे नाही. उदाहरणादाखल कॅननच्याच २८ मिमी एफ/२.८ (१२० ग्रॅम), ५० मिमी एफ/१.८ (१६० ग्रॅम) आणि ८५ मिमी एफ/२ (५०० ग्रॅम) या तीन लेन्सेसची बेरीज ७८० ग्रॅम होते. त्याच कंपनीची २४-७० एफ/२.८ ही झूम ९०० ग्रॅमची आहे. तिन्ही बरोबर घेतल्या तर वाचले किती, अवघे १२० ग्रॅम, आणि शिवाय वाटेत लेन्स बदलण्याची कटकट गळ्यात पडली. दोन घरी ठेवायची मनाची तयारी असेल तरच प्राइम लेन्सेस हलक्या ठरतात. ही तयारी सगळ्यांची नसते, आणि नसणे हा दोष नाही. ज्यांना एक लेन्स घेऊन निघाले की दिवसभर राहिलेलीच चित्रे दिसत राहतात, त्यांनी एफ/४ ची झूम घ्यावी. निकॉनच्या झेड मालिकेत २४-७० एफ/२.८ एस ८०५ ग्रॅमची आहे आणि एफ/४ एस ५०० ग्रॅमची. तीनशे ग्रॅम म्हणजे फार नाही, पण मानेला कळतील इतके आहेत. थोडा धीर धरू शकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: सोनीच्या २४-७० एफ/२.८ जीएम लेन्सची २०१६ सालची आवृत्ती ८८६ ग्रॅमची होती आणि २०२२ सालची ६९५ ग्रॅमची आहे, कामगिरीत उणी न होता.

एपीएस-सी कॅमेऱ्याचा विचार सोडून द्या, असे मी तुमच्यापुरते स्पष्ट सांगतो. त्या सेन्सरवरची एफ/२.८ लेन्स, एकूण गोळा होणारा प्रकाश आणि फोकसची खोली या दोन्ही बाबतींत, फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/४ इतकीच असते. म्हणजे आहे त्याच बॉडीवर एफ/४ ची लेन्स लावून जे मिळेल, त्यासाठी तुम्ही सगळा संसार मोडून नवा मांडणार. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी वेगळा सल्ला दिला असता. मुलीचे म्हणणे दिवसाउजेडीच्या चित्रांपुरते बरोबर आहे, पण तुमची मैफल आणि तीस इंचांचा कागद तिच्या हिशेबात नाहीत.

एक कबुली देतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी तुमच्यासारख्याच तिरीमिरीत माझी जड टेलिझूम विकली आणि एफ/४.५-५.६ ची हलकी झूम घेतली. उन्हाळाभर टेकड्यांवर मजेत हिंडलो. मग मित्राच्या मुलीचे अरंगेत्रम आले, रंगमंचावर निळसर मंद प्रकाश, आणि माझ्या तीनशे चित्रांतली धड पंधरासुद्धा देण्याजोगी निघाली नाहीत. मित्र काही बोलला नाही, पण अल्बममध्ये त्याने दुसऱ्याची चित्रे लावली. याच्या उलटही मी केले आहे. एकदा राजगडाच्या वाटेवर साडेचार किलोची बॅग नेली, पद्मावती माचीवर पोहोचेपर्यंत इतका दमलो की बॅग उशाला घेऊन झोपलो, आणि सूर्यास्त बरोबरच्या पोराने फोनवर टिपला. या दोन्ही वेळी माझ्या लेन्सेस उत्तम होत्या. कोणती कुठे न्यायची, हे मात्र मी घरी बसून ठरवले होते, आणि ठरवताना वाट डोळ्यांसमोर आणली नव्हती.

तेव्हा माझा सल्ला असा. आज काहीच विकू नका. ७०-२०० तर मैफली सुरू आहेत तोवर अजिबात विकू नका. वर्षाकाठी एखादीच मैफल टिपत असाल तरच ती काढून गरजेपुरती भाड्याने आणण्याचा विचार करा, पुण्यात लेन्स भाड्याने देणारी दुकाने आहेत. आधी तुमच्या वर्गवारीत जी फोकल लेंथ सर्वाधिक येईल तिच्याजवळची एकच लहान प्राइम घ्या. माझा अंदाज २८ ते ४० मिमीच्या मधला आहे. ती वापरलेली घेतली तरी चालेल, पण घेताना चारही कोपरे तपासा: दूरच्या इमारतीचे एफ/२.८ ला चित्र काढून एक कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक मऊ दिसला, तर काचा किंचित तिरक्या बसल्या आहेत असे समजून ती परत करा. असला दोष महागड्या लेन्सेसमध्येही आढळतो आणि त्याचे चित्रावर होणारे नुकसान लहान-मोठ्या डिझाइनमधल्या फरकापेक्षा जास्त असू शकते.

ती लेन्स दोन आठवडे वापरून झाली की एक प्रयोग करा. तिपाईवर कॅमेरा लावून एकाच दृश्याची एफ/८ ची दोन चित्रे काढा, एक २४-७० ने आणि एक नव्या लेन्सने. झूम त्याच फोकल लेंथवर ठेवा. दोन्ही २० × ३० इंचांत छापून घ्या, मागे पेन्सिलने खूण करा आणि मंडळाच्या बैठकीत काही न सांगता भिंतीवर लावा. तडजोडीविषयी बोलणाऱ्या ज्येष्ठांना ओळखायला सांगा. एकदाच विचारू नका. चित्रांच्या जागा बदलून चार-पाच जणांना स्वतंत्रपणे विचारा, म्हणजे नशिबाने आलेले उत्तर गळून पडेल. मग हाच प्रयोग एफ/२.८ ला करा आणि निकाल प्रामाणिकपणे लिहून ठेवा, कारण या खेपेला ज्येष्ठ जिंकण्याची शक्यता बरीच आहे. २४-७० चे काय करायचे, हे तुम्ही प्रदर्शनानंतर ठरवा. तोवर ती सहा महिने कपाटात पडून राहिलेली असेल तर विका.

कपाटावरून आठवले. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या, विशेषतः चामडी पिशवीतल्या, लेन्सला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात आणि ते वाढले तर काचेवरचा लेप खातात. ‘जपून ठेवली आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून लेन्सेस ठेवा, जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरा (हे तुम्हाला मी सांगायला नको), आणि दोन्ही मोठ्या लेन्सेस आज रात्रीच टॉर्चच्या उजेडात आरपार पाहून घ्या.

राहता राहिली वारी. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरचा आहे आणि शेवटी दिवे घाटाचा चढ आहे. तिथे गर्दीत मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे ८५ मिमी घरीच राहू द्या. २८ मिमी जवळून टाळ-मृदंगाच्या मधोमध नेईल, आणि घाटाच्या वळणावरून खाली पाहिले की वाकड्यातिकड्या वाटेने चढून येणाऱ्या दिंड्याही तिच्यात मावतील. वारकऱ्यांना एवढीशी लेन्स दिसतही नाही, आणि दिसली तरी ते चेहरा सावरून बसत नाहीत. कॅमेरा गळ्यात न घालता आडव्या पट्ट्याने खांद्यावरून कमरेशी घ्या, मात्र तोही फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून. भवानी पेठेत पालखी विठोबापाशी आदल्या संध्याकाळी थोडे चालून पाहा, म्हणजे पट्टा कुठे काचतो ते कळेल. लेन्सला सीलबंदी नसेल तर भाजीच्या पारदर्शक पिशवीला समोर भोक पाडून ती हूडवर रबर बँडने बसवा. सुकी पंचाची घडी कमरेला ठेवा. आणि लेन्स पुण्यातच लावून निघा, हडपसरची धूळ आणि घाटातला पाऊस लागल्यावर सासवडच्या मुक्कामी पोहोचेपर्यंत ती बॉडीवरून काढू नका.